रक्तवाहिनीचे आतले अस्तर: इंटिमा म्हणजे काय आणि एंडोथेलियम म्हणजे काय

गळ्यातल्या धमन्यांची सोनोग्राफी केली की अहवालात 'इंटिमा-मीडिया थिकनेस' असे शब्द येतात. महाधमनी आतून फाटलेली असेल, तर सीटी स्कॅनच्या अहवालात 'इंटिमल फ्लॅप' असे लिहिलेले असते. मधुमेहाविषयीच्या लेखांत 'एंडोथेलियमचे काम बिघडते' हे वाक्य हमखास सापडते. मराठीत समजावून सांगताना या तिन्ही ठिकाणी आपण 'रक्तवाहिनीचे आतले अस्तर' असे म्हणून मोकळे होतो. त्यामुळे तीन वेगळ्या गोष्टींवर एकच पांघरूण पडते आणि कोणता बिघाड भिंतीत नेमका कुठे झाला आहे, हे कळायचे राहून जाते. हा गुंता सोडवायचा तर आधी भिंत पाहावी लागते आणि मग तिला दिलेली नावे.

हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी धमनी असो किंवा हृदयाकडे रक्त आणणारी शीर, किंवा जुन्या मराठी ग्रंथांच्या भाषेत रोहिणी असो वा नीला, तिच्या भिंतीचे तीन थर मानले जातात. शरीररचनाशास्त्राच्या लॅटिन परिभाषेत अशा थराला 'ट्युनिका' म्हणतात. ट्युनिका हा प्राचीन रोमन लोकांचा अंगरखा होता आणि टोगा हे मोठे वस्त्र लपेटण्याआधी तो आत घालत असत. अवयवाच्या आवरणाला वस्त्राचे नाव देण्याची ही रीत रोमनांच्याही आधीची आहे, कारण ग्रीक वैद्य अशा आवरणाला 'खितोन' म्हणत आणि खितोन म्हणजेही अंगरखाच. तीन अंगरख्यांपैकी आतला तो ट्युनिका इंटिमा, मधला तो ट्युनिका मीडिया आणि बाहेरचा तो ट्युनिका एक्स्टर्ना. या बाहेरच्या थराला अ‍ॅडव्हेंटिशिया असेही म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'बाहेरून आलेला', म्हणजे जवळजवळ उपराच, आणि आजूबाजूच्या ऊतींत मिसळून गेलेल्या या थराला तो शोभतोही. हे तिन्ही अंगरखे ज्या पोकळीभोवती घातलेले असतात, तिला ल्युमेन म्हणतात. लॅटिनमध्ये ल्युमेन म्हणजे उजेड, आणि उजेड आत येतो ती खिडकीही. कापलेल्या नळीच्या तोंडाशी डोळा नेला की पलीकडचा उजेड दिसतो, हे लक्षात घेतले की नाव आपोआप उलगडते.

'इंटिमा' हा शब्द जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये 'आतला', 'अधिक आतला' आणि 'सर्वांत आतला' अशी चढती रूपे होतात आणि इंटिमा हे त्यांतले शेवटचे रूप आहे. जुन्या काही पुस्तकांत याच थराला ट्युनिका इंटर्ना म्हटलेले आढळते, पण 'इंटर्ना' म्हणजे केवळ आतली. तिच्याही आत आणखी काही असू शकेल, अशी शंकेची जागा त्या नावात उरते आणि 'इंटिमा'त ती उरत नाही. इंग्रजीतला 'इंटिमेट' याच कुळातला. मराठीत 'अंतरंग' हा शब्द असाच दुहेरी चालतो, कारण त्याचा अर्थ आतला भाग असाही होतो आणि जवळचा, जिव्हाळ्याचा असाही. इंटिमाला मराठी प्रतिशब्द सुचवायचा झाला तर मी 'अंतरंग-स्तर' असा सुचवीन, पण जो शब्द दवाखान्यात कोणी उच्चारत नाही तो लेखात रेटण्यात अर्थ नाही, म्हणून पुढे इंटिमा असेच म्हणतो.

नावामुळे मात्र एक गैरसमज होतो. 'सर्वांत आतला' म्हटले की एकच सलग पापुद्रा डोळ्यांसमोर येतो, आणि इंटिमा तसा नसतो. मध्यम आकाराच्या धमनीचा आडवा छेद, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांत रंगवलेला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर पोकळीच्या कडेने प्रथम एक चकचकीत, गडद गुलाबी, नागमोडी रेघ नजरेत भरते. नवख्या विद्यार्थ्याला हेच आतले अस्तर वाटते. भिंग आणखी जवळ नेले की त्या रेघेच्या आतल्या बाजूला, नागमोडीच्या प्रत्येक वळणाला चिकटून, जांभळे ठिपके बसलेले दिसतात आणि त्यांतले काही पोकळीत किंचित डोकावत असतात. हे ठिपके म्हणजे पेशींची केंद्रके. त्या पेशी मिळून जो थर होतो तो एंडोथेलियम, आणि ती नागमोडी रेघ म्हणजे इंटर्नल इलॅस्टिक लॅमिना, अर्थात लवचीक तंतूंचा आतला पडदा. या दोहोंच्या मध्ये संयोजी ऊतीची एक पातळ पट्टी असते आणि निरोगी, तरुण धमनीत ती इतकी क्षीण असते की शोधावी लागते. तिला सबएंडोथेलियल थर, म्हणजे एंडोथेलियमखालचा थर, म्हणतात. एंडोथेलियम, त्याला आधार देणारा बेसमेंट मेंब्रेन नावाचा पापुद्रा, त्याखालची संयोजी ऊती आणि लवचीक पडदा, हे सारे मिळून इंटिमा होतो. इंटिमा हे घराण्याचे नाव आहे आणि एंडोथेलियम त्या घराण्यातला, सगळ्यांत पुढे उभा असलेला, एक सदस्य.

ती रेघ नागमोडी का दिसते, हेही सांगून टाकतो, कारण पुस्तकातले चित्र पाहून जिवंत धमनीही आतून अशीच चुणीदार असते असे अनेकांना वाटते. जिवंतपणी रक्ताच्या दाबाने धमनी फुगलेली असते आणि हा पडदा ताणलेला, जवळजवळ सपाट असतो. दाब गेला, मधल्या थरातले स्नायू आकसले, की पडद्याला गोळा व्हावेच लागते आणि नाडी ओढलेल्या कापडासारख्या त्याला चुण्या पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली आपण पाहतो ती बहुधा अशी आकसलेली धमनी असते.

एंडोथेलियमची जाडी समजण्यासाठी तुलना करू. महाधमनीची पूर्ण भिंत सुमारे २ मिलिमीटर जाड असते. एंडोथेलियमची पेशी मात्र केंद्रकापासून दूर असलेल्या भागात १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ होते, म्हणजे त्या भिंतीच्या दोन हजाराव्या भागाइतकीही उरत नाही. केंद्रकापाशी ती थोडी फुगते, म्हणूनच छेदात ते ठिपके पोकळीत डोकावताना दिसतात. धमनीच्या सरळ भागात या पेशी रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने लांबट झालेल्या असतात आणि फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना घट्ट भिडून बसतात. हे तुकडे वेगवेगळे आहेत, हेच १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत नीट दिसत नव्हते. १८६०च्या दशकात सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरण्याची युक्ती रुळली. चांदीचे क्षार पेशींच्या सांध्यांमध्ये साठतात आणि उजेडात काळे पडतात, त्यामुळे प्रत्येक पेशीची सीमारेषा काळ्या शाईने काढल्यासारखी उमटते. जो पापुद्रा सलग वाटत होता, तो शेकडो पेशींचा बनलेला आहे हे त्या काळ्या जाळीने दाखवून दिले.

याच काळात, १८६५ साली, स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातले शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी 'एंडोथेलियम' हा शब्द घडवला. त्यामागची कथा गमतीची आहे. त्याआधी दीडेकशे वर्षे डच शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक रॉइश यांनी ओठांवरच्या नाजूक आवरणासाठी एक शब्द वापरला होता. 'थेले' म्हणजे ग्रीकमध्ये स्तनाग्र, त्यावरून बारीक उंचवटा, आणि 'एपि' म्हणजे वर, म्हणून उंचवट्यांवरचे आवरण ते एपिथेलियम. पुढे हा शब्द शरीराच्या कोणत्याही पृष्ठभागावरच्या पेशींच्या थराला लागू झाला आणि आपल्या शालेय पुस्तकांतली 'अभिस्तर ऊती' ती हीच. हिस यांचे म्हणणे असे की शरीराच्या बंद, आतल्या पोकळ्यांना असलेले अस्तर गर्भाच्या मधल्या थरातून तयार होते, म्हणून त्याला वेगळे नाव हवे. त्यांनी 'एपि' काढून 'एंडो', म्हणजे आत, हा उपसर्ग बसवला. शब्दशः पाहिले तर एंडोथेलियम म्हणजे 'स्तनाग्राच्या आतले', आणि याचा रक्तवाहिनीशी काडीचाही संबंध नाही. शब्दाची व्युत्पत्ती मोडली तरी शब्द टिकला, कारण भेद दाखवायची गरज खरी होती.

हिस यांच्या मूळ कल्पनेत फुप्फुसांभोवतालच्या, हृदयाभोवतालच्या आणि पोटातल्या पोकळ्यांचे अस्तरही एंडोथेलियमच होते. १८९० साली अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स मायनट यांनी त्या अस्तराला 'मेसोथेलियम' असे वेगळे नाव दिले आणि हळूहळू एंडोथेलियम हा शब्द रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या आणि हृदयाचे कप्पे यांच्यापुरता उरला. हृदयात मात्र संपूर्ण आतल्या थराला इंटिमा न म्हणता एंडोकार्डियम म्हणतात, जरी त्यावरचा पेशींचा थर रक्तवाहिनीतल्या एंडोथेलियमशी अखंड जोडलेला असतो. हिस यांचे नाव परिभाषेच्या इतिहासात आणखी एकदा येते. १९व्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या सुमारे ५,००० भागांसाठी वेगवेगळ्या देशांतल्या पुस्तकांत मिळून सुमारे ५०,००० नावे प्रचलित झाली होती. ही बजबजपुरी आवरण्यासाठी १८९५ साली बाझल येथे जी प्रमाण लॅटिन नामावली स्वीकारण्यात आली, ती प्रसिद्ध करण्याचे काम हिस यांनीच केले. आज प्रमाण मानली जाणारी 'टर्मिनोलॉजिया अनॅटॉमिका' ही नामावली प्रथम १९९८ साली प्रसिद्ध झाली. ती बाझलच्या यादीचीच वंशज आहे.

वाहिनी बदलली की इंटिमाचे रूपही बदलते. महाधमनीसारख्या मोठ्या धमनीत एंडोथेलियमखालचा थर बऱ्यापैकी जाड असतो, पण लवचीक पडदा वेगळा ओळखता येत नाही. तो नसतो असे नाही. मधल्या थरातच एकामागे एक असे लवचीक पडदे रचलेले असतात आणि त्या गर्दीत हा पहिला पडदा हरवतो. हातापायांच्या स्नायुमय धमन्यांत तो सर्वांत ठळक दिसतो. शिरांमध्ये इंटिमा पातळ असतो, पण तिथे तो एक वेगळेच काम करतो. पायांच्या शिरांत रक्त उलट फिरू नये म्हणून ज्या झडपा असतात, त्या इंटिमाच्याच दुमडलेल्या घड्या असतात. केशवाहिनीपाशी पोहोचलो की मधला आणि बाहेरचा अंगरखा गळूनच पडतो. तिथली भिंत म्हणजे एंडोथेलियम, बेसमेंट मेंब्रेन आणि त्याला बिलगलेल्या काही आधारपेशी, एवढेच. एखाददुसरी एंडोथेलियल पेशी स्वतःभोवती वळते आणि तिची नळी होते. ७ ते ८ मायक्रोमीटर व्यासाची तांबडी पेशी तिच्यातून अनेकदा अंग चोरूनच पुढे सरकते. मेंदूत या पेशींचे सांधे अतिशय घट्ट असतात, त्यामुळे रक्तातले बरेच पदार्थ मेंदूत शिरू शकत नाहीत. मूत्रपिंडात आणि अनेक अंतःस्रावी ग्रंथींत त्यांना सूक्ष्म झरोके असतात. यकृतात तर झरोके उघडे असतात आणि खालचा बेसमेंट मेंब्रेनही तुटक असतो. नाव सगळीकडे एंडोथेलियमच, पण एका ठिकाणी ते तटबंदी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चाळणी.

बराच काळ एंडोथेलियमकडे निव्वळ गुळगुळीत वेष्टन म्हणून पाहिले जाई. १९६४ साली एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलेड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींत काडीसारखे छोटे कोश दिसले. वाहिनीला इजा होताच रक्तातल्या बिंबिकांना तिथे चिकटायला मदत करणारे प्रथिन त्यांत साठवलेले असते, हे नंतर कळले. पण दृष्टी खऱ्या अर्थाने बदलली ती एका चुकलेल्या प्रयोगाने, आणि तो प्रयोग जवळून पाहण्याजोगा आहे.

अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रावणात टांगून त्यांवर औषधांचा परिणाम मोजत असत. त्यासाठी धमनी मळसूत्रासारखी गोल गोल कापून तिची पट्टी काढत. अ‍ॅसिटिलकोलीन टाकले की पट्टी आकसे, हा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. जिवंत प्राण्यात मात्र मज्जातंतूंतून सुटणारे तेच द्रव्य रक्तवाहिन्या सैल करते, हेही माहीत होते, आणि हा विरोध कोणालाच सुटत नव्हता. १९७८ साली पट्टीऐवजी धमनीच्या कड्या वापरून केलेल्या एका प्रयोगात सूचनांचा क्रम चुकला आणि जे आकसायला हवे होते ते सैल पडले. फर्चगॉट यांनी शोध घेतला, तेव्हा फरक औषधात नसून हाताळणीत निघाला. पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटाला किंवा कागदाला नकळत घासली जाई आणि त्या घासण्याने एंडोथेलियम पुसले जाई. कडीत ते शाबूत राहिले होते. मग त्यांनी एंडोथेलियम पुसलेली पट्टी आणि शाबूत एंडोथेलियम असलेली पट्टी आतल्या बाजू समोरासमोर ठेवून जोडली आणि फक्त पुसलेल्या पट्टीचा ताण मोजला. अ‍ॅसिटिलकोलीन टाकताच ती सैल पडली. शेजारणीच्या एंडोथेलियममधून काहीतरी निघून तिच्या स्नायूंपर्यंत पोहोचले होते. हे १९८० साली प्रसिद्ध झाले, ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे हे १९८६-८७ पर्यंत स्पष्ट झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. बोटाच्या एका घासण्याने पुसला जाणारा थर धमनीने आकसावे की सैल व्हावे हे ठरवत होता. 'एंडोथेलियमचे काम बिघडते' या वाक्याचा अर्थ इथे लागतो. अस्तर फाटलेले नसते, जागेवरच असते, पण नायट्रिक ऑक्साइड पुरेसा सुटत नाही आणि पृष्ठभाग रक्ताच्या गुठळीला पूर्वीइतका विरोध करत नाही.

दुसरा बिघाड एंडोथेलियममध्ये सुरू होतो, पण साठतो त्याच्या खाली. धमन्यांत 'चरबी साठते' असे आपण बोलतो तेव्हा नळाच्या आतून गाळ बसावा तसे चित्र मनात येते. प्रत्यक्षात अ‍ॅथेरोस्क्लेरोसिसमध्ये हा साठा पोकळीत नसतो, तो इंटिमाच्या पोटात असतो. रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण एंडोथेलियम ओलांडून खालच्या संयोजी ऊतीत अडकतात आणि त्यांच्यात रासायनिक बदल होतात. मग पांढऱ्या पेशी त्यांच्या मागोमाग आत शिरतात आणि चरबी गिळून फेसाळ दिसू लागतात. मधल्या थरातल्या स्नायूपेशी लवचीक पडद्याच्या भोकांतून इंटिमात येतात आणि या गोळ्यावर तंतूंचे झाकण घालतात. 'अ‍ॅथेरोमा' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ घट्ट पेज असा आहे, आणि असा गोळा फोडला की आत जे मऊ, पिवळट दिसते त्याला ते नाव ठीकच आहे. धमनीला फाटे फुटतात आणि रक्ताचा प्रवाह घुटमळतो, तिथे हे गोळे आधी होतात.

गोळा भिंतीच्या आत वाढतो, यातून आणखी एक गोष्ट निघते. १९८७ साली सीमोर ग्लॅगोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयाच्या धमन्यांचे छेद मोजून दाखवले की इंटिमा जाड होत जातो तशी धमनी आधी बाहेरच्या बाजूने मोठी होते. लवचीक पडद्याच्या आतले सुमारे ४० टक्के क्षेत्र गोळ्याने व्यापेपर्यंत पोकळी फारशी अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत फक्त पोकळी दिसते, कारण क्ष-किरणांत दिसावे म्हणून टोचलेले औषध पोकळीतच असते. म्हणून अँजिओग्राफीत मोकळी दिसणारी धमनी इंटिमात निरोगी असेलच असे नाही.

सोनोग्राफीत भिंत दिसते, पण तिथे दुसरी अडचण आहे. यंत्राच्या पडद्यावर गळ्यातल्या धमनीच्या चित्रात दोन उजळ रेषा आणि त्यांच्यामध्ये एक काळसर पट्टा दिसतो. आतली रेषा म्हणजे रक्त आणि इंटिमा यांची सीमा, बाहेरची म्हणजे मीडिया आणि अ‍ॅडव्हेंटिशिया यांची सीमा. इंटिमा आणि मीडिया यांच्यामधली सीमा नेहमीच्या यंत्राला दिसत नाही, म्हणून दोन्ही मिळूनच मोजावे लागतात. 'इंटिमा-मीडिया' हे जोडनाव या अडचणीतून आलेले आहे आणि मिलिमीटरच्या दशांशांत येणाऱ्या त्या आकड्यातला मोठा वाटा निरोगी माणसात मीडियाचाच असतो. उच्च रक्तदाबाने मीडिया जाड झाला तरी आकडा वाढतो, त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून इंटिमात चरबी साठली असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

'इंटिमल फ्लॅप'मध्येही नाव अर्धेच बोलते. महाधमनीच्या इंटिमाला चीर पडते, रक्त त्या चिरेतून मीडियात घुसते आणि त्याचे पदर उलगडत पुढे जाते. पोकळीत लोंबणारा जो पडदा सीटी स्कॅनमध्ये दिसतो, त्यात इंटिमाला चिकटून मीडियाचाही काही भाग आलेला असतो. पडद्याच्या एका बाजूला खरी पोकळी आणि दुसऱ्या बाजूला खोटी, अशा दोन वाटा तयार होतात आणि ही तातडीने उपचार करण्याची अवस्था असते.

शस्त्रक्रियेच्या नावांतही हेच दिसते. एंडआर्टरेक्टॉमी म्हणजे शब्दशः धमनीचा आतला भाग काढणे. १९४६ साली पोर्तुगीज शल्यचिकित्सक जुआंव सिद दुस सांतुस यांनी ती प्रथम यशस्वी केली, तेव्हा रक्त गोठू न देणारे हेपरिन हाताशी आलेले होते, आणि उघड्या पडलेल्या भिंतीवर रक्त गोठण्याची भीती त्यामुळे आवाक्यात आली होती. या शस्त्रक्रियेत रोगग्रस्त इंटिमा आणि त्याला चिकटलेला मीडियाचा आतला भाग सालीसारखा सोलून काढतात आणि रक्त उरलेल्या मीडियावरून वाहू लागते. स्टेंट बसवल्यावर उलट घडते. तारांच्या जाळीवर स्नायूपेशी आणि तंतू यांचा नवा थर चढतो, त्याला नीओइंटिमा म्हणतात, आणि तो बेताचा असला तर तारा झाकतो, माजला तर धमनी पुन्हा अरुंद करतो. दोन्ही ठिकाणी एंडोथेलियमच्या पेशी काठावरून हळूहळू सरकत उघड्या जागेवर पसरतात, आणि तो थर पुरा होईपर्यंत रक्त पातळ ठेवणारी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय थांबवायची नसतात.